देवास गेटच्या गाड्या आणि वासंतीताई

वासंती पागनीस मला शाळेत पी.टी. शिकवायच्या. पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चिंचा पाडणारी मुलगी हात वर तसाच ठेवून थिजायची. शाळेत त्या आम्हाला बाई आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या गल्लीत ताई. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या पागेवर होते, घोड्यांची देखभाल त्यांच्याकडे, म्हणून आडनाव पागनीस. ताईंना या गोष्टीचं फारसं कौतुक नव्हतं. "घोडे गेले, पागा गेली, आडनाव तेवढं उरलं," असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

शाळेत नवं व्यवस्थापन आलं आणि त्याने खेळाचा तासच काढून टाकला. ऐन पन्नाशीच्या उंबरठ्यावर ताई घरी बसल्या. त्यांची मोठी बहीण कल्पनाताई पोस्टातून रिटायर झालेली. दोघी बहिणी एकत्रच राहतात, लग्न दोघींनीही केलं नाही. काही महिने वासंतीताईंनी गच्चीवर कुंड्या मांडल्या, गल्लीतल्या बायकांना प्राणायाम शिकवला, आणि एक दिवस मला म्हणाल्या, "मीरा, माझं डोकं खराब होऊन राहिलंय गं. मला काम पाहिजे."

काम आलं ते कुणी कल्पनाही केली नव्हती अशा ठिकाणाहून. देवास गेटच्या बसस्टँडवर 'मोरपंख बस सेवा' नावाच्या कंपनीचं ऑफिस आहे. उज्जैन ते इंदूर अशा तिच्या गाड्या दिवसभर चालतात. मी इंदूरला बँकेत आहे, रोज अपडाउन करते, त्यामुळे मोरपंखची गाडी म्हणजे माझं दुसरं घर. मालक भय्यासाहेब दिघे. तरुणपणी स्वतः बस चालवत, त्यातूनच धंदा उभा केलेला माणूस. त्यांची मुलगीही वासंतीताईंच्या हाताखालून गेलेली.

झालं होतं असं, की सिंहस्थासाठी इंदूरचा रस्ता रुंद करायचं काम निघालं. जागोजागी खणलेलं, जागोजागी वळवलेला रस्ता. धरमपुरीजवळच्या एका वळणावर मोरपंखच्या गाडीचं मागचं चाक कडेवरून घसरलं आणि गाडी खड्ड्यात कलंडली. कुणाचा जीव गेला नाही, पण कंडक्टरच्या खांद्याचं हाड मोडलं आणि पेपरात फोटो छापून आला. भय्यासाहेब हादरले. त्यांनी सगळ्या गाड्यांत यंत्रं बसवून घेतली. ड्रायव्हरच्या सीटजवळ एक काळा डबा, समोर रस्त्याकडे बघणारा एक कॅमेरा आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणारा दुसरा. गाडी साठच्या वर गेली की केबिनमध्ये टीं-टीं वाजायचं, आणि ऑफिसातल्या पडद्यावर त्या गाडीची हिरवी खूण लाल व्हायची. करकचून ब्रेक मारला, वळण जोरात घेतलं, सगळं नोंदलं जायचं.

पडद्यासमोर बसायला माणूस हवा होता. भय्यासाहेब स्वतः पागनीसांच्या घरी आले.

"कॉम्प्युटरवाले मला दहा मिळतात, वासंतीबाई," ते म्हणाले. "मला असं कुणीतरी पाहिजे, की ज्याच्यापुढे खोटं बोलताना ड्रायव्हरची जीभ अडखळेल."

कल्पनाताई चहा ओतता ओतता हसल्या. "मग तुम्ही बरोबर घरी आलात. हिच्यापुढे माझी अजून अडखळते."

अशा रीतीने वासंतीताई मोरपंखमध्ये लागल्या. ड्रायव्हरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ठेवलं, सीटीवाली मॅडम. शिट्टी आता गळ्यात नव्हती, पण फोन होता. कुठलीही गाडी लाल झाली की कंडक्टरचा फोन वाजायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "ड्रायव्हर साहब से कहिए, रफ्तार कम करें." ड्रायव्हर संतापायचे. एकाने कॅमेऱ्यावर रुमाल टाकला. दुसऱ्याने भिंगाच्या अगदी पुढ्यात लिंबू-मिरची टांगली आणि विचारल्यावर म्हणाला, "नजर बहुत लग रही है, मॅडम." ओंकारजी नावाचे जुने ड्रायव्हर होते, सांवेरकडचे, त्यांच्या गाडीनं मी जायचे. ते आरशातून आम्हा रोजच्या मंडळींकडे बघत मालवीत म्हणायचे, "घरवाली ने भी कदी इत्तो नी देख्यो म्हारा मूंडा ने." बायकोनेही माझं तोंड कधी इतकं पाहिलं नाही, यावर सगळी गाडी हसायची.

महिना संपला तेव्हा पडद्यावर लालच लाल होतं. आणि सगळ्यांत जास्त लाल ओंकारजींचं. भय्यासाहेबांनी हुकूम काढला, ओंकारला लाइनवरून काढा, गाड्या धुवायला लावा, म्हणजे बाकीचे आपोआप सुधारतील.

वासंतीताईंना हे पटेना. वीस-बावीस वर्षांत ज्याच्या गाडीला ओरखडा नाही, तो माणूस एकदम सगळ्यांत वाईट कसा? "मला थोडे दिवस द्या," त्या भय्यासाहेबांना म्हणाल्या. "शाळेत एखाद्या मुलीला टीममधून काढायची असेल तर आधी मी तिला धावताना बघायची. ऐकीव गोष्टीवर नाही काढायची."

दुसऱ्या दिवशी मी गाडीत चढले तर इंजिनाजवळच्या सीटवर वासंतीताई! मांडीवर पाण्याची बाटली आणि पिशवीत भुट्ट्याचा चिवडा. ओंकारजींचं तोंड इतकं वाकडं झालेलं की आरशात बघवेना.

"अब डिब्बे से जी नहीं भरा जो खुद आ गईं?" ते म्हणाले.

"डिब्बा बोलत नाही, ओंकारजी. तुम्ही बोलता," ताई म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या. ओंकारजींना समजत होतं. उज्जैनमध्ये कुणाला समजत नाही?

त्या दिवसभर त्या गाडीत बसून राहिल्या. सकाळी मी इंदूरला उतरले तेव्हा त्या खालीही उतरल्या नव्हत्या, आणि संध्याकाळी परतीला चढले तेव्हा त्याच सीटवर होत्या. फक्त चेहरा उतरला होता. गाडीत बसून माणूस थकतो, पण हा थकवा वेगळा होता. गाडी निनोरा ओलांडून उज्जैनच्या हद्दीत आली तेव्हा त्यांनी ओंकारजींपुढे पाण्याची बाटली धरली.

"घ्या दोन घोट. सकाळपासून मी बघतेय, तुम्ही पाणीच प्यायला नाहीत."

ओंकारजींनी मान हलवली. "पानी पिया तो रुकना पड़ेगा, मॅडम. रुका तो लेट. लेट हुआ तो उधर पहुँचते ही गाड़ी वापस घुमानी पड़ती है, साँस लेने का भी टाइम नहीं. फिर वो लेट, फिर अगला लेट."

ताईंनी बाटली परत घेतली. घरी जाताना मी त्यांच्याबरोबर चालत होते. तीन बत्ती चौकापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मीरा, पळणाऱ्या मुलीचे ओठ असे पांढरे पडले ना, तर मी तिला ओरडायची नाही. बसवायची."

मग त्यांनी सगळ्या गाड्यांच्या नोंदी नव्याने काढल्या. आधी त्या बघत होत्या की कोण लाल होतं. आता बघू लागल्या की कधी होतं आणि कुठे होतं. आणि गोष्ट अगदी साधी निघाली. सकाळच्या पहिल्या फेरीला सगळे ड्रायव्हर हिरवे. दुपारपासून सगळे लाल. आणि लाल व्हायचं ते नेहमी सांवेरच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात. देवास गेटपासून नानाखेड्यापर्यंत महाकालला येणाऱ्यांच्या गाड्यांचा जाम, पुढे खणलेला रस्ता, आणि त्यात गेलेला वेळ भरून काढायला उरलेली तेवढीच एक जागा. कंपनीचं वेळापत्रक रस्ता खणण्याच्या आधीचं होतं. दीड तासात इंदूर. त्या रस्त्यानं दीड तासात इंदूर गाठायचं तर साठच्या वर जावंच लागत होतं. ओंकारजी सगळ्यांत लाल होते कारण त्यांच्याकडे सगळ्यांत गर्दीच्या वेळेच्या फेऱ्या होत्या. आणि त्या त्यांच्याकडे होत्या कारण सगळ्यांत भरवशाचे तेच होते.

ताई हे घेऊन भय्यासाहेबांकडे गेल्या. त्यांचं म्हणणं एकच. प्रवासाला पावणेदोन तास धरा, दोन्ही टोकांना ड्रायव्हरला बसायला वेळ द्या. त्यासाठी प्रत्येक गाडीची एक फेरी कमी करावी लागेल, ती करा.

भय्यासाहेब खुर्चीतून उठलेच. "फेरी कमी करू? आणि बाकीच्या कंपन्या माझी सवारी उचलून नेतील त्याचं काय? वासंतीबाई, मी तुम्हाला ड्रायव्हरांवर नजर ठेवायला बसवलंय. माझ्यावर नाही."

"गाडी ड्रायव्हर चालवतो, भय्यासाहेब. पण त्याला पळवतं तुमचं वेळापत्रक. ते पण पडद्यावर दिसतं, त्याला मी काय करू?"

"मी हीच लाइन चालवलेली आहे! तेव्हा रस्ता एकपदरी होता, पॉवर स्टीअरिंग नव्हतं. तरी कधी रडलो नाही. आजचे लोक आळशी आहेत, बस."

वासंतीताईंनी विचारलं, "तुमचं लायसन्स चालू आहे?"

"आहे. दर वेळी रिन्यू करतो. का?"

"मग उद्या ओंकारजींची गाडी तुम्ही न्या. दिवसभर. सगळ्या फेऱ्या, तुमच्याच वेळापत्रकाने. तुम्ही हिरवे राहिलात तर ओंकारजींना मी स्वतः गाड्या धुवायला पाठवते आणि मी पण घरी जाते."

हे बोलणं झालं तेव्हा खाली गॅरेजमध्ये निम्मे ड्रायव्हर जिन्याला कान लावून उभे होते. नाही म्हणायची सोय भय्यासाहेबांना राहिली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायचंही नव्हतं. डोळ्यांत जुनी चमक आली होती, असं ताई सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवास गेटवर जी गर्दी जमली तशी मी कधी पाहिली नव्हती. भय्यासाहेब पांढऱ्या शुभ्र शर्टात स्टीअरिंगवर बसले, आरसा नीट केला, गाडीला नमस्कार केला आणि निघाले. ओंकारजी शेजारी बसले, हात मांडीवर, एखाद्या पाहुण्यासारखे. पहिली फेरी झकास झाली. माणसाचा हात खरंच चांगला होता. गाडी लोण्यासारखी चालली, डबा एकदाही वाजला नाही. इंदूरला पोचल्यावर भय्यासाहेब सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! होतं की नाही?"

दुपारचं मी पाहिलं नाही, पण संध्याकाळी परतीला त्याच गाडीत चढले. शर्ट पाठीला चिकटला होता. भय्यासाहेब कुणाशी बोलत नव्हते. इंदूरच्या लवकुश चौराह्याच्या जाममध्ये त्यांनी हॉर्नवरून हात काढला नाही. धरमपुरीला उलट्या बाजूने घुसलेल्या मोटरसायकलवाल्याला त्यांनी अशी शिवी दिली की पुढच्या सीटवरच्या आजींनी कानावर पदर घेतला. मग मोकळा पट्टा आला आणि गाडी सुटली. डबा वाजायला लागला. वाजतच राहिला.

कंडक्टर दुर्गाप्रसादचा फोन वाजला. त्याने ऐकलं, फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "साहब, मॅडम कह रही हैं... स्पीड ज्यादा है."

"किसकी?"

"आपकी, साहब."

मग मागच्या सीटवरून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी गाडी हसायला लागली. ओंकारजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी फक्त हलक्या आवाजात सांगितलं, "साहब, आगे कट है, गाँव का रास्ता. धीरे." भय्यासाहेबांनी गाडी हळू केली.

देवास गेटला पोचलो तर अंधार पडायला लागला होता आणि स्टँडवरचा कंपनीचाच मॅनेजर गाडीच्या दिव्यांत डोळे बारीक करून ओरडत आला, "कहाँ रह गए थे? आधी सवारी दूसरी गाड़ी में चली गई! उतरना मत, सीधे घुमाओ!" ड्रायव्हरच्या खिडकीत मालकाचं तोंड दिसल्यावर त्याचे शब्द जागच्या जागी सुकले.

भय्यासाहेब उतरले. गाडीच्या पायरीवरच बसले आणि हात पुढे केला. ओंकारजींनी त्या हातात पाण्याची बाटली दिली. अर्धी बाटली पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "रोज ऐसा?"

"त्योहार पे इससे ज्यादा, साहब," ओंकारजी म्हणाले. आणि शेवटच्या फेरीची गाडी त्यांनीच नेली.

दुसऱ्या दिवशी भय्यासाहेब सकाळीच ताईंच्या ऑफिसातल्या खोलीत आले आणि आपल्या तोंडाकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. ताईंनी लावलं. पडद्यावर एक माणूस दात खात होता, डोळे तांबारलेले, वारंवार घड्याळाकडे बघत होता, रस्त्याकडे कमी. भय्यासाहेबांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"या माणसाच्या गाडीत," ते म्हणाले, "मी माझ्या नातीला बसवणार नाही."

त्याच दिवशी नवं वेळापत्रक लागलं. महिनाभर बघू, या बोलीवर.

तो महिना सोपा नव्हता. देवास गेटवर दुसऱ्या कंपन्यांचे कंडक्टर आमच्या गाडीकडे बोट दाखवून ओरडायचे, "बैलगाड़ी सेवा! बैलगाड़ी सेवा! पहुँचना हो तो इधर आओ!" लोक तिकडे जायचे. माझ्या बँकेतली अपूर्वासुद्धा पलीकडच्या गाडीत बसायला लागली. मी मात्र मोरपंखमध्येच. ज्या बाईंनी मला भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्यांची गाडी सोडायची माझी छाती नव्हती. वासंतीताई रोज सकाळी पडद्यासमोर बसायच्या आधी स्टँडवर येऊन उभ्या राहायच्या आणि त्या जुन्या मैदानी आवाजात ललकारी द्यायच्या, "इंदूर, पौने दो घंटे! न पहले, न बाद में!" पोह्यांच्या ठेल्यावरची माणसं हातातली पुडी सावरून वळून बघायची.

आणि मग लोकांना हळूहळू दिसायला लागलं. पुढे पळालेली गाडीसुद्धा लवकुश चौराह्याच्या जाममध्येच येऊन थांबायची. एकदा तर तिथे दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून उभ्या राहिल्या. पलीकडे अपूर्वा, केस विस्कटलेले, समोरच्या दांड्याला घट्ट धरून बसलेली. अलीकडे मी, डुलकी काढून नुकतीच उठलेली. मी तिला हात केला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी होती. मग इंदूरला ड्यूटीवर जाणाऱ्या नर्स आल्या, कोचिंगच्या मुली आल्या, गुडघे दुखणाऱ्या आजी आल्या. ज्यांना वेळेवर पोचायचं असतं त्यांना लवकरपेक्षा नक्की जास्त हवं असतं, हे आम्हा अपडाउनवाल्यांइतकं कुणाला माहीत? महिना संपायच्या आत सकाळच्या गाडीत उभं राहायला जागा मिळेना.

ड्रायव्हर बदलले ते तर बघण्यासारखं होतं. इंदूरला गाडी लावून ओंकारजी चक्क खाटेवर आडवे व्हायचे. पडद्यावर लाल खूण दिसेनाशी झाली. लिंबू-मिरची कधी उतरली ते कळलंही नाही.

खरी परीक्षा ऑक्टोबरात झाली. सोयाबीन मंडीत यायचे दिवस. सकाळची वेळ, गाडी खच्चून भरलेली, सांवेरच्या पुढचा तोच मोकळा पट्टा. मी पुढेच बसले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. डाव्या हाताच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर ट्रॉली काही न बघता सरळ आडवी आली. ट्रॉलीत पोती, पोत्यांवर एक बाई आणि तिला बिलगून दोन लेकरं. ओंकारजींनी ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, पिशव्या पुढे घरंगळल्या, कुणाच्या डब्यातले पोहे माझ्या पायावर सांडले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि काचेच्या पलीकडे हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर त्या बाईचा चेहरा होता.

गाडीत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. ट्रॅक्टरवाला उतरून रस्त्यातच हात जोडून उभा राहिला. आणि मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. सगळी गाडी टाळ्या वाजवायला लागली. नर्स रडत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. ओंकारजी म्हणाले, "बैठो, बैठो सब. पाँच मिनट," आणि बाटली काढून शांतपणे पाणी प्यायले.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसात गाडी लाल झाली होती. ओंकारजींनी फोन स्वतः घेतला. "मॅडमजी, सब ठीक है. ट्रॉली थी. रुक गई अपनी गाड़ी." ताईंनी नंतर मला सांगितलं, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आवाज सापडेना.

त्या संध्याकाळी भय्यासाहेबांनी सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना गॅरेजमध्ये बोलावलं. मला आणि अपूर्वालाही, कारण आम्ही गाडीत होतो. भिंतीवर मोठा पडदा लावला आणि ताईंनी रेकॉर्डिंग दाखवलं. रस्ता, ट्रॉली, ब्रेक, तो चेहरा. कोपऱ्यात वेग लिहिलेला, चोपन्न. मग भय्यासाहेबांनी विचारलं, "वासंतीबाई, तीन महिन्यांपूर्वी याच जागी दुपारच्या फेरीला ओंकारचा वेग काय असायचा?"

ताईंनी जुनी नोंद शेजारी लावली. अठ्ठ्याहत्तर.

पुढचं कुणाला समजावायची गरज पडली नाही. भय्यासाहेबांनी पुढे होऊन ओंकारजींच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि ते वाकायला लागले तर त्यांना तसंच छातीशी धरलं. "आता बघू-बिघू काही नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "अब यही टाइमिंग चलेगी. हमेशा." ड्रायव्हरांनी असा काही गलका केला की पत्रे हादरले.

ओंकारजी हार सावरत ताईंपुढे आले. डोळे ओले होते. "मॅडमजी, माफी. म्हने उस डिब्बे को बहुत गालियाँ दी हैं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "त्याच्यात आवाज पण रेकॉर्ड होतो."

ओंकारजींचा चेहरा जो काही झाला! दुर्गाप्रसाद तर हसून हसून टायरवरच बसला. आणि वासंतीताई, ज्यांना मी शाळेच्या सगळ्या वर्षांत एकदाही मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून हसत होत्या.

गोष्ट इथेच थांबली नाही. ते रेकॉर्डिंग या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरलं आणि बसमालकांच्या संघापर्यंत पोचलं. फ्रीगंजच्या एका हॉलमध्ये त्यांची बैठक भरली आणि बोलायला वासंतीताईंना बोलावलं. कल्पनाताईंनी त्यांना जबरदस्तीने माहेश्वरी साडी नेसवली, पायात मात्र पांढरे बूटच. मालकांच्या त्या गर्दीत एकटी बाई उभी राहिली आणि तिने सांगितलं, की एकट्या मोरपंखने वेळ वाढवून भागणार नाही, रस्त्यावर पळणारी दुसरी गाडी असेल तोवर कुणाचीच गाडी सुरक्षित नाही. एकजण उठून म्हणाला, "मॅडम, सवारी को जल्दी होती है." ताईंनी दाराकडे हात केला. तिथे आम्ही उभ्या होतो, मी, अपूर्वा, दोन नर्स आणि कोचिंगच्या मुलींचा घोळका. "सवारी ये रही. पूछ लीजिए."

त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने सांगितलं असेल. रस्त्याचं काम पुरं होईपर्यंत सगळ्या कंपन्यांनी पावणेदोन तासच धरायचे आणि हळूहळू आपल्या गाड्यांतही तो डबा बसवायचा, असा ठराव त्या बैठकीत झाला.

नवीन वेळा लागू झाल्या त्या सकाळी मी मुद्दाम लवकर देवास गेटला गेले. हवेत गारवा होता, कढईतून जलेब्या निघत होत्या. एकामागून एक गाड्या लागत होत्या, भरत होत्या, आपापल्या वेळेला निघत होत्या. कुणी कुणाला आडवं घालत नव्हतं. वासंतीताई खांबापाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या, आम्हा पोरींना कवायतीला उभं करून बघायच्या तशाच, ताठ. चामुंडा माता चौराह्याकडे वळणारी प्रत्येक गाडी त्यांच्यासमोरून जाताना एकदा हॉर्न वाजवत होती. मोरपंखच्या तर होत्याच, इतरही होत्या.

शेवटी पलीकडच्या कंपनीचा एक ड्रायव्हर, बैलगाडी म्हणून सगळ्यांत जोरात ओरडणाऱ्यांपैकी, इंजिन चालू ठेवून खाली उतरला. ताईंपुढे येऊन घुटमळला.

"मॅडम, एक बात पूछूँ? वो डिब्बा हमारी गाड़ी में कब लगेगा?"

वासंतीताईंनी त्याला वरून खालपर्यंत नीट पाहिलं.

"सोमवारी," त्या म्हणाल्या. "और पहले पानी पीकर आना."